मॅडमच्या पायाखालचा ब्रेक

दिवसातून निदान दहा वेळा मॅडमना जीव जाण्याची भीती वाटायला हवी होती. ती त्यांना वाटत नसे. फक्त वैताग येई. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या, आणि माणूस स्टिअरिंगमागे बसला की त्याचं शहाणपण नेमकं मागच्या सीटवर जाऊन बसतं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. डॉक्टर असो, वकील असो, तीन मुलांची आई असो, लाल दिवा दिसला की सगळ्यांचा पाय नको तिथेच पडायचा. मॅडम शेजारी बसून, आवाज न चढवता, ‘हळू, हळू’ म्हणत राहायच्या आणि मनातल्या मनात समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. शिकवणीच्या गाडीला तो असतोच. फरक मॅडमच्या पायात होता. बाकीचे शिकवणारे कचकन ब्रेक दाबतात, शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन येतं, आणि वर त्यालाच चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. मॅडम आधीपासूनच अलगद दाबत आणायच्या, इतक्या बेताने की शिकणाऱ्याला वाटायचं, वा, थांबवली की मी गाडी. मग तो खुलायचा, खांदे सैल सोडायचा आणि पुढच्या चौकात खरंच वेळेवर थांबायचा. मॅडमनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. गाडीत पेट्रोल पुन्हा भरता येतं, सुटलेला धीर भरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशा या मॅडम दर रविवारी सकाळी ड्रम वाजवायच्या. आता सेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, गुडघा धरून जिना उतरणाऱ्या बाईने ड्रम वाजवावा हे नातेवाईकांच्या पचनी पडायला दहा वर्षं गेली. पचनी पडलं, तर पुढची तक्रार तयार. ‘तुमच्यात गातं कोण?’ कुणीच नाही. ‘मग शब्द कधी येतात?’ येतच नाहीत. फक्त वाद्यं. थोडं जॅझ, थोडं रॉक. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जणू जेवायला बोलावून नुसतं पान मांडलंय. मॅडमच्या चुलत सासूबाईंनी तर एकदा पाऊण तास ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘झाली का तयारी? मग करा सुरू.’

बँडचं नाव ‘जिना’. माणसं चार. कीबोर्डवर मॅडमचा दादा, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दिवसा तो जमिनींच्या नोंदणीच्या कार्यालयात कागदांवर शिक्के मारायचा. लहानपणी घराच्या जिन्याखाली त्याने जुना कीबोर्ड मांडला होता आणि धाकट्या बहिणीला पायऱ्यांवर उड्या मारायला लावून सात मोजायला शिकवलं होतं, म्हणून ते नाव. बास गिटारवर मौनी. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि त्याला ‘मौनी’ का म्हणतात हे त्यानेही कधी विचारलं नव्हतं, यातच सगळं आलं. आणि गिटारवर मॅडमचा नवरा.

या नवऱ्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण तो जगाला थोडा जास्तच होता. छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा. दिवसभर चुका शोधून पोट भरायचा आणि घरी येऊन हौसेने शोधायचा. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं आहे. आमटीला मीठ बरोबर आहे, पण कालच्यापेक्षा कमी बरोबर आहे. अशा माणसाच्या हातात पहिल्या अल्बमची सूत्रं गेली आणि चौदा वर्षं अल्बम झाला नाही. तीनदा रेकॉर्डिंग झालं, तिन्ही वेळा त्याने ऐकून मान हलवली. एकदा तर अल्बमचे आठही तुकडे तयार होते, आणि हा म्हणाला की सहाव्या तुकड्यात दूर कुठेतरी कुणाची तरी खुर्ची वाजतेय. चौघांनी कान लावून ऐकलं. कुणाला खुर्ची सापडली नाही. अल्बम मात्र बसला तो बसलाच.

यंदा मात्र त्याने कंबर कसली होती. नाव ठरलं होतं, ‘पहिला मजला’. रेकॉर्डिंगसाठी गाद्यांच्या गोदामामागची एक खोली ठरली होती. चारी भिंतींना खालपासून वरपर्यंत गाद्या बांधलेल्या, त्यामुळे आत शिंकलं तरी शिंक बाहेर जायची नाही. तिथला रेकॉर्डिंगवाला अंगाने आडवा, बोलायला सरळ, आणि संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचा आवाज रेघारेघांनी उमटवून दाखवणारा. आणि नेमकं याच वर्षी मॅडमच्या ड्रमला काय झालं होतं देव जाणे, असं नवरा म्हणायचा. ‘तू मागे ओढतेस,’ तो म्हणायचा. ‘सगळ्याच तुकड्यांत नाही. पण तो संथ तुकडा, पाचवा, त्यात तू हमखास मागे ओढतेस.’

मॅडम म्हणायच्या, ‘हो का? बघते.’ आणि काही बघायच्या नाहीत, कारण त्यांना सगळं माहीत होतं.

पाचवा तुकडा दादाने बांधलेला होता, सात मात्रांचा. त्याच्या मध्यावर गिटार आणि बास दोघं जवळजवळ गप्प होतात, आणि दादाचा डावा हात खालचे तीन जड सूर एकटाच वाजवतो. पहिल्या सुराबरोबर मॅडमच्या पायाखालचा मोठा ड्रम वाजला पाहिजे, अगदी एका क्षणी, म्हणजे दोन आवाज न राहता एकच होतो. असं सोळा वेळा. ही जागा दादाला प्राणाहून प्यारी.

रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या नऊ महिने आधी, एका रविवारी तो हात उशिरा आला. फार नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढा. मॅडमना काही कळायच्या आत त्यांचा पाय थांबला, हात खाली आला आणि त्याच्याबरोबरच पाय पडला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. सोळाही वेळा. बाकीचे दोघे मॅडमच्या मागून चालणारे, तेही आपोआप थांबले. तुकडा जरा लांबला, एवढंच. दादा उठून म्हणाला, ‘आज छान बसला.’ मॅडमनी घरी जाताना स्वतःलाच विचारलं की हे आपण काय केलं, आणि उत्तर आलं की जे बावीस वर्षं गाडीत करतो तेच.

महिन्याभराने दादाने मॅडमना बाजूला घेऊन आपण होऊनच सांगितलं. वहिनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डाव्या हाताचं दुखणं होतं. हळूहळू वाढणारं, औषधाने आवरणारं, जाणारं नाही. कार्यालयात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण शिक्का मारायला एकच हात पुरतो. हे सगळं त्याने असं सांगितलं जसं काही शेजाऱ्याच्या नळाबद्दल सांगतोय. आणि मग चेहरा एकदम उजळून तो म्हणाला, ‘पण गंमत बघ. शर्टाची बटणं लावताना ऐकत नाही, कप धरताना ऐकत नाही. कीबोर्डवर ठेवला की शहाण्यासारखा वागतो. तिथे काहीही झालेलं नाही त्याला. तूच सांग, झालंय का?’

आता यावर काय बोलणार? मॅडम म्हणाल्या, ‘कुठे काय. उलट पूर्वीपेक्षा बरा वाजवतोस.’ आणि तिथेच त्या अडकल्या. त्या दिवसापासून दादाचा सगळा धीर त्या एका गोष्टीवर उभा राहिला, आणि ती गोष्ट मॅडमच्या उजव्या पायावर. डॉक्टरने विचारलं तरी तो हेच सांगायचा. वहिनी रात्रंदिवस काळजी करायची, तिलाही हेच सांगायचा. दर महिन्याला हात आणखी थोडा उशिरा यायचा, मॅडम आणखी थोडं थांबायच्या, आणि नवऱ्याचं ‘मागे ओढतेस’ आणखी थोडं चढायचं.

नवऱ्याला तरी सांगावं, असं त्यांच्या मनात दहादा आलं. पण मुद्रितशोधकाला चूक सांगून ती ‘तशीच राहू दे’ म्हणणं म्हणजे मांजराला दूध दाखवून पाठ फिरवणं. तो दादाला एका शब्दाने दुखवणार नाही, पण चेहऱ्यावर सगळं छापून येणार. त्यापेक्षा आपल्यावर आलेलं काय वाईट? म्हणून त्या मुकाट्याने ऐकून घ्यायच्या, आणि त्याचा वचपा म्हणून सोमवारी गाडीतल्या शिकाऊ लोकांना दोन शब्द जास्त ऐकवायच्या.

रेकॉर्डिंग पार पडलं. दोन महिने, आठ रविवार, आठ तुकडे. पाचवा तुकडा शेवटच्या रविवारी घेतला, तेव्हा मॅडमनी जीव पायात आणून वाजवलं. सोळाच्या सोळा वेळा हात आणि पाय एका क्षणी पडले. बाहेर येऊन त्या गोदामातल्या एका गादीवर चक्क आडव्या झाल्या. नवरा तेव्हा काही बोलला नाही. फक्त रेकॉर्डिंगवाल्याबरोबर कोपऱ्यात काहीतरी कुजबुजला. तिथेच खरं तर मॅडमना संशय यायला हवा होता. पण त्या इतक्या दमल्या होत्या की त्या वेळी कुणी मागून ट्रक आणला असता तरी त्यांनी वळून पाहिलं नसतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून अल्बम पहिल्यांदा पूर्ण ऐकायचा होता. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनीने बटणं लावून दिलेली दिसत होती. मौनी स्टुलावर, दादा खुर्चीत, मॅडम गाद्यांना टेकून, आणि नवरा उभा. हाताची घडी, चेहऱ्यावर असं काही हसू की मॅडम गाद्या सोडून ताठ बसल्या. हा माणूस आनंदात असला की काहीतरी दुरुस्त करून बसलेला असतो.

पहिले चार तुकडे झाले. छान होते. खरंच छान होते. चौदा वर्षांचा वैताग मॅडमच्या अंगातून हळूहळू उतरायला लागला. पाचवा सुरू झाला. मध्य आला. बास आणि गिटार गप्प झाले.

ढम्म. आणि मग सूर.

एक नाही, दोन आवाज. आधी ड्रम, आणि त्याच्या मागून, धापा टाकत, दादाचा डावा हात. पुन्हा ढम्म, पुन्हा मागून हात. मॅडमना आधी वाटलं की यंत्र बिघडलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं. सोळा वेळा ते तसंच वाजलं.

तुकडा संपल्यावर नवरा गोंधळून म्हणाला की हे असं कसं झालं. आता तर सगळं बरोबर असायला हवं होतं. मग सगळा प्रकार बाहेर आला. बायकोवर सतत खापर फुटतंय, ते आपणच फोडतोय, हे या शहाण्याच्या मनाला लागलं होतं. म्हणून त्याने तिच्या नकळत, तिला सुखद धक्का द्यायचा म्हणून, रेकॉर्डिंगवाल्याला सांगून तिचा ड्रम संगणकावर सरळ करून घेतला होता, आणि तोही ते आजच पहिल्यांदा ऐकत होता. प्रत्येक ठोका उचलून बरोबर मात्रेवर ठेवायचा. मग त्याच्यावर गिटार बसवायची, बास बसवायचा. आणि रेकॉर्डिंगवाल्याला त्याने बजावून ठेवलं होतं की दादाच्या कीबोर्डला मात्र हात लावायचा नाही, दादा कधी चुकत नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. चौदा वर्षांत या माणसाने एक काम प्रेमाने आणि वेळेवर पूर्ण केलं होतं, आणि ते हे.

‘घाई माझी झालीय,’ त्या उठून म्हणाल्या. ‘मीच पुढे पळतेय. ते काढा सगळं आणि आधीचं लावा.’

रेकॉर्डिंगवाला आपला सरळ माणूस. त्याने पडदा वळवून दाखवला की बाई, तुमचे ठोके आता उभ्या रेघेवर आहेत, केसाइतकेही इकडे-तिकडे नाहीत. मागे पडतोय तो कीबोर्ड. बघा ना, दर वेळी किती. आणि त्याने बोटाने अंतर दाखवलं. मॅडमना त्याचं ते बोट पिरगाळावंसं वाटलं.

दादा खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने ती रेघ पाहिली, आणि रेघेच्या उजवीकडे, थोड्या अंतरावर उभा असलेला आपला हात पाहिला. मग शांतपणे म्हणाला की आधीचं, न हलवलेलं, लावा. आणि फक्त दोघांचंच. माझा डावा हात आणि हिचा ड्रम.

ते लावलं. आवाज एकच येत होता, सोळाही वेळा. पण पडद्यावर दिसत होतं की मात्रेची रेघ निघून जातेय, ड्रम तिच्यावर पडत नाहीये, थांबलाय, आणि हात येईपर्यंत थांबूनच राहिलाय.

‘किती दिवस?’ दादाने विचारलं.

मॅडम गाद्यांकडे बघत म्हणाल्या, ‘अकरा महिने.’

‘आणखी कुणाला माहीत होतं?’

मौनीने हात वर केला. शाळेत करतात तसा. नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पुस्तकाचं मुखपृष्ठच उलटं छापून आलंय. मॅडमना तर मौनीचा राग आला की नवऱ्याचा की स्वतःचा, हे ठरवता येईना. म्हणजे हा अकरा महिने स्टुलावर बसून सगळं बघत होता आणि एका शब्दाने म्हणाला नाही की बाई, मी आहे तुझ्याबरोबर.

दादा रागावला. मॅडमनी त्याला आयुष्यात फार वेळा रागावलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण बोलणं तुटक झालं. ‘मला सांगायचं नाही होय? मी डॉक्टरला छातीठोकपणे सांगत होतो. तुझ्या वहिनीला सांगत होतो. येड्यासारखा हिंडत होतो सगळीकडे.’

‘सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस,’ मॅडम म्हणाल्या. आता त्यांचाही तोल गेला होता. ‘तुला काय मी ओळखत नाही? उशीर होतो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कीबोर्डला कापड गुंडाळून पलंगाखाली सरकवला असतास. मग काय करायचं होतं मी? अकरा महिने या माणसाची बोलणी खाल्ली मी तुझ्यापायी, आणि वर तूच मला ओरड.’

त्या रडत होत्या, आणि रडू येतंय याचाही त्यांना वैताग आला होता. नवरा पुढे झाला, काहीतरी म्हणणार होता. त्यांनी नुसता हात दाखवला. चौकात दाखवतात तसा. तो जागच्या जागी उभा राहिला.

दादाने कपाळावरचा चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग दादा म्हणाला, ‘पुन्हा वाजवायचा. आत्ता. आणि तू थांबायचं नाहीस.’

मॅडम म्हणाल्या की हे शक्य नाही. दादा म्हणाला की शक्य करायचं. रेकॉर्डिंगवाल्याला तारा जोडायला अर्धा तास लागला. मौनीने सगळ्यांना पाणी दिलं, हे त्याचं त्या दिवसाचं भाषण.

वाजवायला बसले. मॅडमनी काड्या आपटून सात मोजले. सुरुवात ठीक झाली. मध्य आला. बास आणि गिटार हटले. मॅडमनी मनाला बजावलं होतं, थांबायचं नाही, थांबायचं नाही. पण पायाला कोण बजावणार? मात्रा आली आणि पाय हवेतच राहिला, हाताची वाट बघत.

हात आला नाही.

मॅडमनी वर पाहिलं. दादाचा डावा हात त्याच्या मांडीवर होता. त्याने तो उचललाच नव्हता. तो त्यांच्याकडे बघत होता. मग सगळेच थांबले.

‘हे काय?’ मॅडमनी विचारलं. ‘हात कुठाय?’

‘तू थांबतेस का ते बघत होतो.’

‘सवय आहे. जाईल हळूहळू.’

‘हळूहळू नाही,’ दादा म्हणाला. ‘मला आता कळायला हवं की मी कुठे आहे. तू थांबलीस तर मला कधीच कळणार नाही. उद्या हा हात यायचाच बंद झाला, तर काय, अशीच पाय उचलून बसून राहणारेस?’

मॅडमनी काड्या बाजूला ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला. काड्या पुन्हा हातात घेतल्या. नवरा म्हणाला की थोडी विश्रांती घेऊ या का, तर दोघंही बहीण-भाऊ एकदम ‘नको’ म्हणाले.

दुसऱ्यांदा सात मोजले. मध्य आला तेव्हा मॅडमनी मान वळवून समोरच्या गादीच्या शिवणीवर नजर लावली, आणि मात्रा आली तशी पाय खाली आणला. ढम्म. एकटा. मागून दादाचा हात आला. त्यांना ओरडावंसं वाटलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सोळा वेळा त्या आपल्या मोठ्या भावाला मागे टाकून पुढे गेल्या, आणि दर वेळी तो मागून आला. कधी थोडा जवळ, कधी थोडा लांब, पण आला. नवव्या-दहाव्या वेळेपासून त्या मागून येणाऱ्या सुरात काहीतरी बदललं. दादा आता तो लपवत नव्हता. उशीर होतोय तर होऊ दे, म्हणून सूर मोकळेपणाने, पूर्ण वजनाने टाकत होता. मॅडमनी हे ऐकलं, आणि तरी त्यांना ते आवडलं नाही. खोटं कशाला बोला? त्यांना तो एकच आवाज हवा होता.

तुकडा संपल्यावर रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं की हे सरळ करायचं का. नवरा म्हणाला, ‘हात लावलास तर बघ.’

‘पहिला मजला’ तसाच निघाला. दोनचार जाणकारांनी चांगलं लिहिलं. एकाने पाचव्या तुकड्यातल्या त्या मागून येणाऱ्या सुरांवर अर्धं पान खर्च केलं. म्हणे यात काळाबद्दलचं काही चिंतन आहे. मॅडमनी ते वाचून पेपर अशा जोराने मिटला की नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. नातेवाईकांनी ‘शब्द कुठायत’ हे नेहमीप्रमाणे विचारलं. मॅडमनी आपल्या घरात तो तुकडा कधी लावला नाही. कुणी लावला तर त्या उठून गच्चीवर जायच्या.

दादाचं मात्र उलट झालं. वहिनी वैतागून मॅडमकडे तक्रार घेऊन आली. घरी कुणीही आलं, अगदी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आला, तरी हा त्याला खुर्चीत बसवतो, पाचवा तुकडा लावतो, आणि मध्य आला की बोट वर करतो. तो बिचारा पाना हातात धरून बसलेला, आणि हा त्याला समजावतोय.

‘आणि सांगतात काय माहितीय?’ वहिनी म्हणाली. ‘म्हणतात, हा उशिरा येतोय तो माझा हात. आणि ही पुढे जातेय ना, न थांबता, ती माझी बहीण.’